कान वाजतो आहे? आधी ऐकू येते का ते पाहा

'डॉक्टर, कान वाजतोय.' हे वाक्य दवाखान्यात आठवड्यातून दोन-चारदा तरी ऐकायला मिळते. कोणी सांगतो, रातकिडे ओरडल्यासारखे वाटते. कोणाला कुकरची शिट्टी ऐकू येते, कोणाला शंख फुंकल्यासारखा घुमारा. आमच्या इचलकरंजीत तर 'माग बंद करून घरी आलो तरी कानात माग चालूच', असे सांगणारे कितीतरी भेटतात. आयुर्वेदात या तक्रारीला 'कर्णनाद' असे नाव आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे 28 रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे आणि बाधिर्य, म्हणजे बहिरेपणाही आहे. आधुनिक वैद्यकात याला टिनिटस म्हणतात. नाव कोणतेही असो, तक्रार माणसाइतकीच जुनी आहे.

कान अचानक वाजू लागला की दोन प्रकारची माणसे भेटतात. एकाला त्याच रात्री मेंदूत गाठ झाल्याची शंका येते आणि त्याची झोप उडते. दुसरा कोमट तेलाचे चार थेंब घालतो, कापसाचा बोळा कोंबतो आणि 'बसेल आपोआप' म्हणून महिनाभर थांबतो. पहिल्याची भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. दुसऱ्याची बेफिकिरी मात्र कधी कधी फार महाग पडते. कोणता आवाज निवांतपणे घ्यायचा आणि कोणत्या आवाजासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे प्रत्येकाला ओळखता यावे यासाठी आजचा हा लेख.

आवाज येतो कोठून?

आपण ऐकतो कसे, हे आधी थोडक्यात पाहू. बाहेरचा आवाज कानाच्या नळीतून आत येऊन पडद्यावर आदळतो. पडद्यामागे तीन चिमुकली हाडे आहेत. त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी त्यांच्या आकारावरून नावे आहेत. ती हलली की तो हेलकावा आतल्या कानातील शंखाकृती नळीत पोहोचतो. या नळीला सुमारे अडीच वेढे असतात आणि तिच्यात पाणी भरलेले असते. पाण्यात लाट उठली की आतल्या सूक्ष्म केसपेशी डोलतात आणि त्या हालचालीतून विजेचे संदेश तयार होतात. ते कानाच्या नसेतून मेंदूकडे जातात. 'आवाज आला' हे खरे तर मेंदू ठरवतो.

एका कानात या केसपेशी सुमारे पंधरा हजार असतात. डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी आहेत, त्या मानाने ही शिल्लक फारच तुटपुंजी. शिवाय माणसाच्या कानात एकदा मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

आता कानाकडून येणारा संदेश काही कारणाने कमी झाला, तर मेंदू स्वस्थ बसत नाही. रेडिओवर स्टेशन नीट लागेना की आपण आवाज वाढवतो आणि मग खरखरच मोठी ऐकू येते. मेंदूही तसेच करतो. म्हणून कान वाजण्यामागे पुष्कळदा ऐकू कमी येणे दडलेले असते. कापलेल्या पायाची बोटे दुखतात असे सांगणारे रुग्ण असतात. तेथे वेदना खरी असते, पण ती पायात नसते. कर्णनादाचेही बरेचसे असेच आहे. आवाज खरा, त्रास खरा, रुग्ण खोटे बोलत नाही. फक्त बाहेर तो आवाज नसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थोडा आवाज प्रत्येकाच्या कानात असतोच. 1953 साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी नीट ऐकू येणाऱ्या 80 जणांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते लिहून काढायला सांगितले. शंभरात चौऱ्याण्णव या प्रमाणात लोकांनी कोणता ना कोणता आवाज ऐकू आल्याचे सांगितले! एरवी पंख्याच्या, रस्त्याच्या, माणसांच्या आवाजात तो बुडून जातो. म्हणून रात्री सारे शांत झाल्यावर कान जास्त वाजतो असे वाटते.

क्षणभर वाजून थांबणारा कान

बसल्या-बसल्या एकाच कानात एकदम 'कुंईऽऽ' असा बारीक आवाज येतो. तो कान क्षणभर बंद झाल्यासारखा वाटतो आणि अर्ध्या-एक मिनिटात सारे पूर्ववत होते. हा अनुभव बहुतेकांना कधी ना कधी येतो. याला औषध नको, तपासणी नको, भीती तर मुळीच नको. आवाज एक-दोन मिनिटांत थांबला, ऐकू पहिल्यासारखे येते आहे आणि चक्कर नाही, तर आपल्या कामाला लागावे.

आवाज थांबला नाही, काही तास तसाच राहिला किंवा झोपून उठल्यावरही आहे, तर मात्र पुढची परीक्षा घरीच करावी.

पहिला प्रश्न: ऐकू येते का?

वाजणाऱ्या कानाचा रुग्ण आवाजाविषयीच बोलत राहतो. ऐकू कमी येते का, असे विचारले तर 'नाही, ऐकू येतेय की' असे उत्तर मिळते. ते बरोबरच असते, कारण दुसरा कान चांगला असतो आणि तोच सारा कारभार सांभाळतो. म्हणून प्रत्येक कान वेगळा तपासावा लागतो. त्यासाठी घरी तीन गोष्टी करता येतील.

एक: शांत खोलीत अंगठा आणि तर्जनी कानाजवळ धरून हलकेच चोळा. आधी चांगल्या कानाजवळ, मग वाजणाऱ्या कानाजवळ. दोन्हीकडे सारखी खसखस ऐकू येते का ते पाहा.

दोन: कोणाला तरी फोन लावा आणि एकच संभाषण पाळीपाळीने दोन्ही कानांनी ऐका. वाजणाऱ्या कानाला शब्द अस्पष्ट, फाटके किंवा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटतात का?

तीन: ओठ मिटून 'हूंऽऽ' असा सूर काढा आणि तो कोणत्या बाजूला जास्त घुमतो ते पाहा. चांगल्या माणसाने एका कानात बोट घालून हा सूर काढला, तर तो बोट घातलेल्या कानातच मोठा ऐकू येतो. आताच करून पाहा. म्हणजे कानाची वाट बुजली असेल, मळ किंवा सर्दी असेल, तर सूर त्या बुजलेल्या कानात घुमतो. पण बिघाड आतल्या कानात किंवा नसेत असेल, तर सूर उलट बाजूला, चांगल्या कानात घुमतो. दवाखान्यात आम्ही हीच परीक्षा ट्यूनिंग फोर्कने, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नादकाट्याने करतो. तो वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवला की दोन मिनिटांत अंदाज येतो.

ही घरगुती परीक्षा डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. पण घाई करायची की नाही, हे तिच्यावरून ठरवता येते. कान अचानक वाजू लागला आणि त्याच कानाने ऐकू कमी येते आहे, एवढे समजले तरी घाई करायला ते पुरेसे आहे.

घाई कशासाठी?

सकाळी उठल्यावर एक कान बंद झालेला आहे, त्यात मोठा घुंऽऽ आवाज चालू आहे, दुखत नाही, ताप नाही, पू नाही. अशा रुग्णाला बहुधा मळ साचल्यासारखे किंवा दडा बसल्यासारखे वाटते. त्यातल्या पुष्कळांचे खरोखर तसेच असते. पण काहींच्या आतल्या कानाची श्रवणशक्तीच एकाएकी गेलेली असते. अशा प्रकारे तीन दिवसांच्या, म्हणजे 72 तासांच्या आत ऐकू येण्यात ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त घट झाली, तर आम्ही त्याला नसेचा अचानक आलेला बहिरेपणा म्हणतो. हा बहुधा एकाच कानाला होतो आणि पन्नाशी-साठीत जास्त दिसतो, तरी तरुणही सुटत नाहीत. दहांपैकी नऊ रुग्णांत तपासणी करूनही नक्की कारण सापडत नाही. विषाणूचा संसर्ग, आतल्या कानाच्या बारीक रक्तवाहिनीतला अडथळा अशी कारणे असावीत असे मानतात.

या आजारावर कॉर्टिसोन जातीची, म्हणजे स्टेरॉइड औषधे देतात. ती जितकी लवकर सुरू होतील तितका फायदा होण्याची शक्यता जास्त. पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर उत्तम, फार तर दोन आठवड्यांच्या आत. गोळ्यांनी गुण आला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ पडद्यातून थेट मधल्या कानात इंजेक्शन देतात. तेही साधारण सहा आठवड्यांच्या आत व्हावे लागते. त्यानंतर हाती फारसे काही उरत नाही.

काही जणांचा कान औषधाशिवायही सुधारतो, हे खरे आहे. कोणाचा सुधारेल हे मात्र आधी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून वाट पाहण्याचा जुगार खेळू नये.

माझ्या दवाखान्यातील दोन रुग्ण सांगतो. एक शाळेतले शिक्षक, वय बावन्न. वर्गात डावीकडच्या बाकावरचे पोर काय विचारते ते एकाएकी कळेनासे झाले आणि कानात शिट्टी सुरू झाली. ते दुसऱ्याच दिवशी आले. कानात मळ नव्हता, पडदा स्वच्छ होता, नादकाट्याचा सूर चांगल्या कानाकडे गेला. त्याच दुपारी त्यांना कोल्हापूरला कानाच्या तज्ज्ञांकडे पाठवले. श्रवणाचा आलेख काढून उपचार सुरू झाले. त्यांना मधुमेह होता, त्यामुळे औषध चालू असताना साखर रोज तपासावी लागली. महिन्याभरात त्यांचे ऐकणे बरेचसे परत आले. बारीक आवाज उरला आहे, पण त्याच्याकडे आता लक्ष जात नाही, असे ते सांगतात.

दुसरे एक किराणा दुकानदार, जवळपास त्याच वयाचे. कान बंद होऊन वाजू लागला तेव्हा दिवाळीची गर्दी होती. त्यांनी कानात तेल घातले, मग कोणी सांगितले म्हणून लसणाचे तेल, मग दुकानातून आणलेले थेंब. माझ्याकडे आले ते अडीच महिन्यांनी. तज्ज्ञांनी सर्व तपासण्या केल्या, पण तो कान परत आला नाही. दोघांचा आजार एकच होता. पहिल्यांना वेळ मिळाला, दुसऱ्यांचा वेळ तेलात गेला. पहिल्यांना झाला तेवढा फायदा प्रत्येकाला होतोच असे नाही. पण संधी मिळण्यासाठी वेळेवर येणे तर आपल्या हातात आहे. 'कानात तेल घालून झोपणे' याचा अर्थ आपल्या भाषेने फार पूर्वीच सांगून ठेवला आहे!

ही औषधे डॉक्टरांवाचून, दुकानातून आणून घेऊ नयेत. त्यांनी रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, पोटात जळजळ होऊ शकते. मधुमेह, रक्तदाब, पोटातील व्रण, पूर्वीचा क्षयरोग असेल तर आधी सांगावे.

साधी कारणे, साधे उपाय

आता मनाला दिलासा देणारा भाग. अचानक वाजणाऱ्या कानांपैकी पुष्कळांचे कारण साधे असते.

मळ: कानातला मळ ही घाण नव्हे, ते कानाचे संरक्षण आहे. तो आपोआप बाहेर येत असतो. काडेपेटीची काडी, हेअरपिन, किल्ली किंवा कापसाची काडी घातली की तो आणखी आत ढकलला जातो. मग आंघोळीचे पाणी गेले की मळ फुगतो, कान एकदम बंद होतो आणि वाजू लागतो. डॉक्टरांनी मळ काढला की आवाज तिथल्या तिथे थांबतो. 'डोक्यावरचे ओझे उतरले', असे म्हणणारी आजीबाई दर महिन्याला एखादी तरी भेटते. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्यांपुढे मात्र कान करू नये. पडदा फाटलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

किडा: शेतावर झोपणाऱ्यांच्या, लहान मुलांच्या कानात पाखरू किंवा झुरळ शिरते. आत ते फडफडले की माणूस वेदनेने आणि आवाजाने वेडापिसा होतो. घाबरून काडी घालू नये, रॉकेल तर कधीच घालू नये. तो कान वर करून आडवे व्हावे आणि साध्या खोबरेल किंवा गोडेतेलाचे थेंब सोडावेत. किडा मरतो, फडफड थांबते. मग डॉक्टरांकडून तो काढून घ्यावा. कान पूर्वीपासून फुटत असेल, पडद्याला भोक असेल, तर तेलही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. अचानक वाजणाऱ्या कानात तेल घालण्याचा मला मान्य असलेला एवढा एकच प्रसंग!

दडा: सर्दीत, घाटातून एकदम उतरताना किंवा विमानात कानाला दडा बसतो. मधल्या कानापासून घशापर्यंत एक नळी असते. ती बंद पडली की पडद्याच्या आतबाहेरचा हवेचा दाब सारखा राहत नाही. आवंढा गिळावा, जांभई द्यावी, लिमलेटची गोळी चघळावी. नाक दाबून जोरजोराने हवा भरू नये. सर्दी बरी झाल्यावरही आठवडाभर दडा राहिला तर दाखवावे. सर्दी असली तरी वरची तिसरी परीक्षा करायला विसरू नये. सूर चांगल्या कानात घुमत असेल तर सर्दीवर ढकलून थांबू नये.

औषधे: जास्त मात्रेतील ऍस्पिरिन, हिवतापावरचे क्विनीन, जेंटामायसीन आणि अमिकासीन यांसारखी इंजेक्शने, लघवीची काही औषधे, कर्करोगावरचे सिसप्लॅटिन यांनी कान वाजू शकतो. ऍस्पिरिन आणि क्विनीन यांचा आवाज औषध थांबल्यावर बहुधा जातो. इंजेक्शनांनी झालेली हानी मात्र कायमची असू शकते. असे औषध चालू असताना कान वाजू लागला तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. हृदयविकारासाठी रोज घेतली जाणारी ऍस्पिरिनची लहान गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. तेवढ्या मात्रेने बहुधा कान वाजत नाही आणि गोळी बंद केल्याने हृदयाला धोका होऊ शकतो.

दाढ आणि मान: जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे आहे. झोपेत दात खाणारे, सतत सुपारी किंवा तंबाखू चघळणारे, यांना जबडा हलवला की आवाज बदलतो असे आढळते. तेथे दातांच्या डॉक्टरांचा उपयोग होतो.

नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज

काहींना 'धडधड, धडधड' असा आवाज येतो. मनगटावरची नाडी मोजून पाहिली तर ठोके तंतोतंत जुळतात. हा प्रकार वेगळा आहे. यात रक्तप्रवाहाचाच आवाज ऐकू येत असतो. रक्त कमी असणे, थायरॉइडचे जास्त काम, वाढलेला रक्तदाब, गरोदरपण अशी कारणे असतात. क्वचित कानाजवळच्या रक्तवाहिनीत दोष किंवा मधल्या कानात रक्तवाहिन्यांची गाठ असते. शेतमजुरी करणाऱ्या एका बाईंच्या उशाशी रात्रभर ही धडधड असे. हिमोग्लोबिन पाहिले तर सात. रक्त वाढले तशी धडधड गेली. असा आवाज असेल तर रक्त आणि रक्तदाब तपासावा आणि कानाच्या तज्ज्ञांना एकदा दाखवावेच.

गोंगाटाचा हिशेब

आपल्या जिल्ह्यात हे कारण सर्वांत मोठे असावे असे मला माझ्या रुग्णांवरून वाटते. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. 85 डेसिबलपर्यंतचा आवाज दिवसात आठ तास सोसला तरी चालतो, असे साधारण मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास आणि 100 डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे! यंत्रमागांच्या दाटीत आवाज 90 च्या वर सहज जातो, आणि तेथे पाळी असते बारा तासांची. मिरवणुकीतील डीजेच्या भिंतीपुढे तो 100 च्याही पुढे जातो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे, ती आठवली की हसावे की रडावे कळत नाही.

मिरवणुकीतून आल्यावर कान सुन्न होऊन वाजत असतील, तर केसपेशी दमल्या आहेत असे समजावे. बहुधा एक-दोन दिवसांत त्या सावरतात. या काळात कानांना पूर्ण विश्रांती द्यावी, इयरफोनही नको. दोन दिवसांनीही ऐकू कमी येत असेल तर मागे सांगितलेली घाई येथेही लागू आहे. एकाच कानाजवळ फटाका फुटून ऐकू येईनासे झाले तर दोन दिवसही थांबू नये.

कामावर कापसाचा बोळा घालणारे पुष्कळ आहेत. नुसत्या कापसाने आवाज फारसा अडत नाही. त्यासाठी स्पंजची कानबुचे मिळतात. ती दोन बोटांत वळून, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर ओढून आत सरकवावीत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावीत. ती फार स्वस्त असतात. कारखानदारांनी ती कामगारांना द्यावीत आणि कामगारांनी ती खिशात न ठेवता कानात ठेवावीत.

आवाज राहिलाच तर

सर्व तपासण्या झाल्या, गंभीर काही निघाले नाही, तरी आवाज राहिला आहे. असे रुग्ण संख्येने सर्वांत जास्त. 'आता हा आवाज जन्मभर राहणार का?' हा त्यांचा प्रश्न असतो. मी त्यांना रेल्वे स्टेशनजवळच्या घराचे उदाहरण देतो. त्या घरी पाहुणा आला की रात्रभर जागा राहतो. घरातली माणसे मात्र गाढ झोपतात. गाडी दोघांनाही सारखीच ऐकू येते. घरच्यांच्या मेंदूने मात्र 'हिच्यात भिण्यासारखे काही नाही' असे ठरवून टाकलेले असते. कर्णनादाबाबत मेंदूला हेच शिकवायचे असते आणि बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत ते शिकतो.

त्यासाठी हे करावे.

1. पूर्ण शांतता टाळावी. रात्री पंखा चालू ठेवावा किंवा रेडिओ, तानपुरा, पावसाचा आवाज असे काही अगदी हळू लावावे. ते कानातल्या आवाजापेक्षा थोडे कमीच ठेवावे. आवाज बुडवायचा नाही, त्याला सोबत द्यायची.

2. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावे. बाहेरचे आवाज आत येऊ लागले की मेंदूला खरखर वाढवण्याची गरज उरत नाही आणि पुष्कळांचा कर्णनाद कमी होतो. चष्म्याची लाज वाटत नाही, मग यंत्राची का वाटावी?

3. झोपेची वेळ ठरलेली ठेवावी. अपुरी झोप आणि काळजी यांनी आवाज वाढतो, आवाजाने झोप जाते, असे ते रहाट फिरत राहते. सायंकाळनंतरचा चहा सोडून पाहावा. कोणाला फरक पडतो, कोणाला नाही. तंबाखू, मिश्री आणि विडी मात्र सर्वांनीच सोडावी.

4. भ्रामरी प्राणायाम करायला हरकत नाही. मन शांत होते आणि गुंजारवात कानातला आवाज थोडा वेळ झाकला जातो. कानांवर तळवे ठेवून डोक्यामागे बोटांनी टकटक करण्याचा उपायही लोक सांगतात. काहींना घटकाभर बरे वाटते. यांनी अपाय नाही, पण यांनाच उपचार समजून तपासणी पुढे ढकलू नये.

5. 'आता वाजतोय का' हे दर तासाला तपासणे सोडावे. ज्यांना हे जमत नाही, जे फार खचले आहेत, त्यांच्यासाठी सीबीटी नावाची मानसोपचार पद्धत आहे. आवाजाविषयीचे भीतीचे विचार ओळखून ते बदलायला तीत शिकवतात. कर्णनादाचा त्रास कमी करणारा हा चांगला तपासून पाहिलेला उपाय आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले म्हणजे डॉक्टरांनी वेड्यात काढले, असे समजू नये.

गोळ्यांविषयी स्पष्ट सांगतो. जुनाट कर्णनाद हमखास घालवणारी गोळी आज उपलब्ध नाही. जिंको, जस्त, निरनिराळी जीवनसत्त्वे यांची शिफारस 2014 सालच्या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने केलेली नाही. 'सात दिवसांत कान वाजणे बंद' अशा जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. तेच पैसे श्रवणाच्या तपासणीला आणि गरज पडल्यास यंत्राला लावावेत.

त्याच दिवशी डॉक्टर गाठा

पुढील तक्ता कापून घरात लावून ठेवावा.

- कान अचानक वाजू लागला आणि त्या कानाने ऐकू कमी येते.
- सोबत भोवंडून चक्कर येते, उलट्या होतात.
- तोंड वाकडे झाले, बोलणे जड झाले, हातापायातली शक्ती गेली किंवा तोल जातो. येथे दवाखान्यात न येता सरळ मोठे रुग्णालय गाठावे.
- डोक्याला किंवा कानाला मार लागल्यानंतर, कानफटीत बसल्यानंतर आवाज सुरू झाला.
- कानातून रक्त येते, किंवा पू येऊन ताप व फार वेदना आहेत.
- आवाजाने जीव नकोसा झाला आहे. अशा वेळी घरच्यांशी बोलावे आणि 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करावा.

एकाच कानात टिकून राहिलेला आवाज किंवा नाडीबरोबर येणारी धडधड असेल, तर आठवड्याभरात दाखवावे. एकाच बाजूच्या आवाजात तज्ज्ञ एमआरआय करायला सांगतात, ते कानाच्या नसेवरची गाठ नाही ना हे पाहण्यासाठी. ती क्वचितच निघते आणि निघाली तरी कर्करोगाची नसते.

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. खर्चाच्या भीतीने कोणी थांबू नये. येथून तासाभराचा रस्ता आहे.

शेवटी एवढेच लक्षात ठेवावे. कान वाजला तर घाबरू नका. दोन बोटे चोळून आधी ऐकू येते का ते पाहा. ऐकू येत असेल तर सवडीने भेटा. येत नसेल तर आजच या.